बांधावरून : टाकळ्याला हात लावण्याआधी

जुलैच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की अंगणात आपोआप उगवलेला टाकळा लगेच उपटू नका, त्यावर छोटी पिवळी फुलपाखरं अंडी घालतात. त्यावर पत्रांचा ढीग आला. निम्म्या पत्रांत टाकळ्याच्या भाजीची कृती विचारलीय. ती सगळी पाककृतीवाल्या ताईंकडे सरकवली. उरलेल्यांतली काही इथे घेते. नवीन वाचकांसाठी सांगते : नाशिकच्या मखमलाबादला माझी सव्वीस वर्षं नर्सरी होती. आता मुलगा-सून बघतात आणि मी घरामागच्या अडीच गुंठ्यांत काय येतं, काय जातं ते बघत बसते.

प्रश्न : रो-हाऊसमागे १० बाय २५ फुटांची पट्टी आहे. व्हिडिओ पाहून 'रानफुलांच्या मिश्र बिया' मागवल्या. पहिल्या वर्षी फार सुंदर फुललं. दुसऱ्या वर्षी फक्त गाजरगवत. फुलपाखरंही म्हणावी तशी आली नाहीत. काय चुकलं?
(एक वाचक, इंदिरानगर)

दादा, पाकिटाचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. मागे बारीक अक्षरात नावं आहेत : कॉसमॉस, झिनिया, कॅलिफोर्निया पॉपी, कॉर्नफ्लॉवर. रानफुलं म्हणायला हरकत नाही, फक्त रान मेक्सिको, कॅलिफोर्निया आणि युरोपातलं. मधमाशीला त्यातून खायला मिळतं, खोटं कशाला बोलू. सकाळी दहाच्या उन्हात कॉसमॉसवर फुलोरी माश्यांची गर्दी मी स्वतः पाहिलीय. पण फुलपाखराचं नुसत्या मधावर भागत नाही. त्याच्या अळीला पान लागतं, तेही ठरलेल्या झाडाचं. माझ्याकडे कॉसमॉस कित्येक वर्षं होता, त्याचं पान खाणारी फुलपाखराची अळी मला एकदाही दिसली नाही. तुम्ही खानावळ उघडलीत, बाळंतपणाची सोय केली नाहीत. पाहुणे आले, जेवले, गेले.

हे मी वरून बोलत नाहीये. याच बिया मी नर्सरीत वर्षानुवर्षं विकल्या. ड्युरांटाचं पिवळं कुंपण लावा, निगा लागत नाही, असं गंगापूर रोडच्या किती बंगलेवाल्यांना सांगितलं असेल त्याचा हिशोब नाही. आणि आपला लाडका झेंडू तरी कुठला? तोही मेक्सिकोचाच, दसऱ्याला तोरणात बसून बसून आपला झालेला.

व्हिडिओत ज्याला मीडो म्हणतात त्याला आपल्याकडे माळ म्हणतात, कुरण म्हणतात. पाऊस सरताना त्र्यंबक रोडने अंजनेरीकडे जा आणि उतारावरचं गवत बघा. लांबून नुसतं हिरवं-पिवळं दिसतं. खाली बसलात की गवताच्या काड्यांमध्ये तेरडा, कवळा, सोनकी, केना अशी बोटाएवढी फुलं दिसतात आणि प्रत्येकावर काहीतरी बसलेलं असतं. अशा जागेला आपण 'पडीक' म्हणतो आणि मग कुणीतरी उत्साहाने तिथे खड्डे मारून झाडं लावतं. असो, तो वेगळा राग आहे.

तुमच्या पट्टीची पेरणी पुढच्या मृगात, पण काम आत्तापासून आहे. दसरा ते दिवाळी हा बी गोळा करायचा काळ. रिकाम्या प्लॉटच्या कडेने, ओळखीच्या शेताच्या बांधावरून हिंडा. तेरड्याचं पिकलेलं बोंड हात लावताच फुटून बी उडवतं, म्हणून आधी खाली पिशवी धरा आणि मग बोट लावा. कुरडूचा वाळलेला तुरा तळहातावर झटकला की काळं चकचकीत बारीक बी पडतं. खुळखुळ्याची शेंग वाजायला लागली की तयार समजा. टाकळा, भुरुंडी, रानतुळस ही घ्या. मूठभर तीळ घ्या, तो तर वाण्याकडेही मिळेल, फक्त पॉलिश केलेला नको. गवतात मारवेल आणि पवना. गवताशिवाय माळ होत नाही, नुसता फुलांचा वाफा होतो. कागदी पाकिटात नाव-तारीख घालून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलंत तर फेब्रुवारीत बुरशी बघायला मिळेल. गडावरून, जंगलातून मात्र काडीही आणायची नाही.

जमिनीचं सांगते, हे लोकांना पटत नाही. शेणखत घालू नका. खरंच नको. सकस जमिनीत गाजरगवत आणि दांडगी गवतं अशी माजतात की तेरडा खाली गुदमरतो. माळावरची रोपं उपाशी जमिनीची. दोन-तीन इंच मुरूम पसरा, वरच्या मातीत हलका मिसळा, झालं. गाजरगवत फुलण्याआधी मुळासकट उपटायचं, हातात मोजे घालून, नाहीतर रात्रभर खाज. ही उपटाउपटी पहिली दोन वर्षं चुकत नाही. पहिला बरा पाऊस झाला की बी चौपट वाळूत मिसळून फेका आणि वरून चालून पायाने दाबा. मातीखाली गाडू नका.

जुलैत घरचे म्हणतील, हे काय रान माजवलंय. त्यावर एक युक्ती. पट्टीच्या कडेने दीड-दोन फुटांची पायवाट स्वच्छ कापलेली ठेवा. मग ते रान 'केलेलं' दिसतं, शेजाऱ्यांचं अर्धं बोलणं तिथेच थांबतं.

कापणी वर्षातून एकदाच, बी झडल्यावर, डिसेंबरात. जमिनीपासून वीत-दीड वीत सोडून विळ्याने कापा. काही पोकळ काड्या उभ्या राहू द्या आणि एका कोपऱ्यात दोन-तीन हात जागा अगदी उघडी ठेवा. जगात मधमाश्यांच्या २०,०००हून अधिक जाती आहेत. त्यांतल्या बहुतेक पोळं करतच नाहीत. एकेकटी मादी आपलं बिऱ्हाड करते, आणि साधारण ७० टक्के जाती ते जमिनीत बीळ करून करतात. आपण सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवून त्यांच्या दारावर लाद्या टाकल्या.

प्रश्न : यंदा एक एकर कांदा बियाण्यासाठी डोंगळे (फुलावर आणून बी धरायचे कांदे) लावणार आहे. मागच्या वर्षी गोंडे भरपूर आले पण बी पोचट निघालं. जुने लोक म्हणतात माश्या कमी झाल्या. मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने घ्याव्यात का? शेजारी द्राक्षबाग आहे.
(एक शेतकरी, निफाड तालुका)

भाऊ, बी पोचट राहायला पाणी, करपा, थंडी अशी इतर कारणंही असतात, ती तुम्ही माझ्यापेक्षा बरी ओळखता. पण जुने लोक चुकत नाहीयेत.

डोंगळ्याचं एक फूल जवळून बघा. गोंड्यात शेकडो असतात, एकेक नखाएवढंही नाही. त्याचे पुंकेसर आधी पिकतात, पराग सांडून मोकळे होतात, आणि मग दोन-तीन दिवसांनी स्त्रीकेसराचं टोक पराग घ्यायला तयार होतं. तोवर त्या फुलाचा स्वतःचा पराग संपलेला. म्हणजे दुसऱ्या फुलाचा कुणीतरी पायाला चिकटवून आणून द्यावाच लागतो. प्रमाणित बियाण्याच्या प्लॉटला दुसऱ्या जातीच्या कांद्यापासून ५०० मीटर अंतर ठेवायला लावतात ते याच पायांच्या भीतीने.

गंमत अशी की मधमाशीला डोंगळा फारसा आवडत नाही. त्याच्या मधुरसात पोटॅशियम बरंच असतं. जवळ मोहरी किंवा कोथिंबीर फुललेली असली तर ती तिकडे वळते, आणि एकदा वळली की तिथेच जात राहते. म्हणून पेट्या घ्या, पण आधीपासून आणून ठेवू नका. दहाएक टक्के गोंडे उमलले की रात्री आणा. सगळ्या एकदम नकोत. निम्म्या आधी, निम्म्या आठवड्याने. नव्या आलेल्या माश्यांना आजूबाजूचं दुसरं काही माहीत नसतं, त्या समोरच्या डोंगळ्याला लागतात. पेट्यांजवळ पसरट घमेल्यात पाणी आणि पाण्याबाहेर डोकं काढतील असे दगड ठेवा, नाहीतर माश्या बुडतात.

आता द्राक्षवाले. द्राक्षाचं फूल आपलं आपण भागवतं, त्याला माशीची गरज जवळपास नाही. त्यामुळे तुमचं दुखणं शेजाऱ्याच्या ध्यानात यायला वेळ लागतो, त्यात त्याचा दुष्टपणा नसतो. डोंगळे लावायच्या वेळीच त्याच्याकडे चहाला जा. फवारणीचा ब्लोअर कधी फिरणार, टाकीत काय असणार, एवढं आदल्या दिवशी फोनवर सांग म्हणावं. ज्या दिवशी फवारणी, त्याच्या आदल्या रात्री माश्या आत गेल्यावर पेटीचं तोंड जाळीने बंद करायचं, वर ओलं गोणपाट टाकायचं, आणि शक्य तितक्या लवकर उघडायचं. तुमच्या स्वतःच्या थ्रीप्सच्या (फुलकिड्यांच्या) फवारण्या फुलं उमलायच्या आधी उरका. फुलात असताना मारायचीच वेळ आली तर सूर्य मावळल्यावर. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही औषधं झाडाच्या अंगात भिनतात, तिथून मधात आणि परागात उतरतात, त्यांच्या बाबतीत संध्याकाळचा उपायही पुरत नाही. युरोपीय संघाने २०१८ साली याच दोघांवर आणि क्लोथियानिडीनवर उघड्या शेतात वापरायला बंदी घातली.

पेटी भाड्याने मिळते, बांध मिळत नाही. तुमच्या वडिलांच्या वेळचा बांध आठवा : बोर, निरगुडी, तरवड, रुई, कोपऱ्यावर करंज. मग जेसीबी आला आणि दोन ओळी कांद्याच्या जास्त बसल्या. निदान एका बाजूला परत लावा. तरवड मुरमाडात, पाण्यावाचून येतो आणि वर्षातले बरेच महिने पिवळा असतो. निरगुडी पावसाळ्यापासून फुलते, बोराला पाऊस संपताना बारीक हिरवट फुलं येतात, अडुळसा थंडीत, करंज मार्च-एप्रिलात. म्हणजे डोंगळे नसताना माश्यांची चूल पेटती राहते. डोंगळ्यावर पिवळ्या पट्ट्यांच्या, हवेत एका जागी थरथरत थांबणाऱ्या माश्याही येतात, त्यांना मारू नका. त्या पराग नेतात आणि त्यांतल्या बऱ्याच जातींच्या अळ्या मावा खातात.

पेठ-सुरगाण्याकडे कुणी पाहुणे असतील तर ऑक्टोबरात खुरासणी (कारळा, तेलबियांचं पीक) फुललेली बघून या. तिलाही स्वतःचा पराग चालत नाही. त्या पिवळ्या उतारावर कानाला जो घुमघुम आवाज येतो, तो निफाडात मी बऱ्याच वर्षांत ऐकलेला नाही.

प्रश्न : कुंडीतल्या लिंबाची पानं आठ दिवसांत संपली! आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखं काहीतरी दिसायचं, मग हिरव्या लठ्ठ अळ्या. औषध सांगा. शिवाय मला फुलपाखरांची बागही करायचीय, त्यासाठी कोणती झाडं लावू?
(एक वाचक, गंगापूर रोड)

ताई, दोन्ही प्रश्न एकाच पत्रात विचारलेत म्हणून मला तुमचं पत्र फार आवडलं. ज्यांच्यासाठी औषध मागताय तीच तुमची फुलपाखरं.

ती विष्ठा नव्हे, तीच अळी. लहान असताना काळी-पांढरी, चिमणीने घाण केल्यासारखी दिसते म्हणून पक्षी तिच्याकडे बघत नाहीत. मोठी झाली की पानासारखी हिरवी. एकदा धीर करून काडीने तिच्या मानेला हलकं टोचून बघा. डोक्यामागून केशरी रंगाचं दुबेळकं शिंग बाहेर येतं आणि सडक्या लिंबासारखा वास सुटतो. माझ्या नातीने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा किंचाळून पळाली, आणि पाच मिनिटांनी मैत्रिणींना घेऊन आली.

लिंबावर लिंबाचं काळं-पिवळं फुलपाखरू येतं आणि मॉर्मन जातीची. त्यांतलं मोठं काळं, मागच्या पंखांवर निळा रंग असलेलं ब्लू मॉर्मन, ज्याला आता नीलवंत म्हणतात, ते २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे. आपण एकीकडे त्याला मान देतो आणि दुसरीकडे त्याच्या पोरांवर औषध मारतो.

उपाय : मोठं लिंबाचं झाड असतं तर काहीच करू नका म्हटलं असतं, त्याला पुन्हा पालवी फुटते. तुमचं रोप दोन फुटी आहे, त्याच्यावर तीन अळ्या ठेवा, बाकीच्या पानासकट उचलून कुठल्याही मोठ्या लिंबावर किंवा बेलावर सोडा. बेलही त्यांना चालतो. आणि एक कढीपत्ता वाढवा, पण स्वयंपाकघरासाठी नाही. दोन ठेवा, एक तुमचा, एक त्यांचा.

बाकी झाडांसाठी फार शोधू नका, गणपतीच्या पत्रीची यादी काढा. रुई, बेल, बोर, शमी, आघाडा, तुळस, डोरली. रुईवर नारिंगी, पंखांच्या टोकाला काळं-पांढरं असलेलं फुलपाखरू वाढतं. रुईचं विष अळीच्या अंगात साठतं, म्हणून ते इतकं निवांत उडतं, पक्ष्यांनी एकदा चव घेतलेली असते. पत्रीत नसलेलं एकच सांगते. तुमच्या आंब्यावर बांडगूळ असेल तर सगळं छाटू नका. पांढऱ्या पंखाखाली पिवळा-लाल रंग असलेलं 'हळदीकुंकू' फुलपाखरू त्या बांडगुळावरच अंडी घालतं. ज्याने कुणी त्याचं हे नाव ठेवलं त्याला माझा नमस्कार.

प्रश्न : चौथ्या मजल्यावर बाल्कनी आहे, सहा कुंड्या मावतात. मी कॉलेजला आहे, महाग काही नको. आजी तुळशीच्या मंजिऱ्या खुडते, मी नको म्हणते. कोण बरोबर?
(एक वाचक, सातपूर)

आजी बरोबर. मंजिरी खुडली की तुळस दाट होते, वर्षभर टिकते, आणि वृंदावनातली तुळस आजीचीच असू दे. तू वेगळ्या कुंडीत सब्जा लाव, दहा रुपयांच्या बियांत दहा कुंड्या होतील, आणि त्याला मनसोक्त फुलू दे. सकाळी नऊला खुर्ची टाकून बस. चौथ्या मजल्यावर माश्या येतात, मी सातव्यावर पाहिल्यात. बाकीच्यांत एक कढीपत्ता, एक कोरांटी (पिवळी, काटेरी, थंडीत फुलते), एक गोकर्ण ग्रिलवर चढवायला. पाचव्या कुंडीत बाजारातून आणलेले धणे रगडून पेर, अर्धी कोथिंबीर खा, अर्धी फुलू दे. सहावी कुंडी नुसती मातीची ठेव. उगवेल ते उगवेल, मला कळव काय आलं.

एकच सांगते, नर्सरीत रोप घेताना विचार की मुळाशी मिलीबगचं (पिठ्या ढेकणाचं) औषध ओतलंय का. आम्ही ओतायचो. असं रोप माश्यांसाठी लावण्यात अर्थ नाही.

प्रश्न : सोसायटीच्या पाचव्या मजल्याच्या छज्जाखाली आग्यामोहोळ बसलंय. मीटिंगमध्ये जाळायचं ठरतंय. मी एकटा विरोधात आहे. मुद्दे द्या.
(एक वाचक, सिडको)

पहिला मुद्दा भीतीचाच मांडा, त्याला बहुमत मिळतं : पेटवलेलं आग्यामोहोळ रात्रीच्या अंधारातही लोकांच्या अंगावर येतं आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या चवताळलेल्या माश्या त्याच जागी घिरट्या घालतात. दुसरा, आग्या फिरस्ती असतात. पाऊस संपला की येतात, फुलोरा सरला की आपण होऊन पोळं सोडून जातात. पाचव्या मजल्याखालून माणसं जात-येत असतील आणि कुणी डिवचत नसेल तर ते पोळं काही महिने तसंच राहू शकतं. त्या बाजूचा हॅलोजन बंद करा, त्या उजेडाकडे माश्या रात्री घरात शिरतात. दिवाळीत त्या अंगाला रॉकेट नको, आणि छज्जा रंगवायचं काम पोळं गेल्यावर.

पोळं खिडकीला लागून असेल, किंवा घरात कुणाला माशीच्या दंशाची ॲलर्जी असेल, तर गोष्ट वेगळी. मग प्रशिक्षित मध काढणाऱ्याला बोलवा, माश्या न मारता पोळं हलवणारे असतात. पुण्याला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे, अशी माणसं तिथे शिकून तयार होतात. आणि माश्या उठल्याच तर हात झाडत उभं राहायचं नाही, तोंड झाकून घरात पळायचं. रुतलेला काटा नखाने खरवडून लगेच काढायचा. बरेच डंख असतील, ओठ सुजले, श्वास लागला, तर ताबडतोब दवाखाना.

प्रश्न : तुमच्या लेखामुळे माझ्या शेजाऱ्याने कंपाऊंडमध्ये जंगल वाढवलंय. डास होतात, साप येतील. हे तुम्हाला शोभतं का?
(एक वाचक, नाव दिलेलं नाही)

डास साचलेल्या पाण्यात होतात, टाकळ्यावर नाही. शेजाऱ्याच्या कुंपणात फुटका डबा, टायर, कुंडीखालच्या ताटल्या असतील तर त्याला जरूर बोला, माझं नाव सांगून बोला. साप उंदरामागे येतो. खरकटं बाहेर टाकणं थांबलं की निम्मी काळजी संपते. आणि भिंतीलगत दोन फूट मोकळं ठेवावं हे मला मान्य आहे, वर सांगितलंच.

पण तुमचा राग मी ओळखते, कारण मी त्याची दुसरी बाजू भोगलीय. तीन वर्षांपूर्वी आमच्या घरासमोरच्या पट्टीत मी रुई आणि खुळखुळा वाढवला होता. सकाळी रुईवर अठ्ठावीस अळ्या मोजल्या, काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या. बँकेतून दुपारी परत आले तर कुणा ठेकेदाराची माणसं ग्रास कटर फिरवून गेली होती. कापलेल्या फांद्या रस्त्याकडेला ढिगात पडलेल्या आणि त्यावर काही अळ्या, काही झालंच नाही अशा थाटात, त्याच पानांची कड कुरतडत होत्या. टोपलीत भरून मागच्या रुईवर नेऊन सोडल्या. एकोणीस सापडल्या. आता तिथे एक पाटी आहे : 'ही पट्टी मुद्दाम राखली आहे.' तुमच्या शेजाऱ्यालाही अशी पाटी लावायला सांगा, तुम्हा दोघांना एकमेकांशी बोलायला एक निमित्त होईल.

थोडक्यात उत्तरं

*गुलाबाच्या पानांना कंपासने काढल्यासारखे गोल काप (पंचवटी) :* रोग नाही. पान कापणारी माशी आहे, ती तो गोल तुकडा पोटाशी धरून उडत नेते आणि भोकात गुंडाळून अंड्याची खोली करते. बांबूचा तुकडा, एका बाजूला पेर बंद असलेला, आडवा टांगून ठेवा. हिरव्या पानाने बंद झालेलं तोंड दिसलं की समजा भाडेकरू आले.

*घाणेरी काढू की नको, तिच्यावरच सगळी फुलपाखरं असतात (आडगाव) :* काढा, पण एका दमात नाही. तिच्या बाजूला तरवड, निरगुडी, कोरांटी लावा. ती फुलली की घाणेरीचा तेवढा भाग मुळासकट काढा. घाणेरी मध देते हे खरंच, पण तिच्याखाली दुसरं काही उगवू देत नाही.

*पेर्गोल्याच्या लाकडाला काळा भुंगा भोकं पाडतो (महात्मानगर) :* लाकडाला रंग द्या आणि शेजारी एक जुना, वाळका शेवग्याचा ओंडका उभा करा, तो तिकडे जाईल. मारू नका, कामाचा आहे. वांग्याचा आणि टोमॅटोचा पराग नळीत बंद असतो, तो भुंग्याच्या थरथरीने भसकन बाहेर पडतो. घरच्या पाळलेल्या मधमाशीला ती थरथर जमत नाही.

*अंजनेरीवरून कंदीलपुष्पाचा कंद आणून लावला तर जगेल का (त्र्यंबकेश्वर) :* आणू नका. त्यातली एक जात तर अंजनेरीच्याच नावाची आहे, इतकी ती तिथली. त्या कंदिलात बारीक माश्या आत घसरतात, आतल्या केसांमुळे बाहेर येता येत नाही, आणि केस सुकले की पराग घेऊन सुटतात. तुमच्या कुंडीत कंद जगलाही तरी त्या माश्या कुठून आणाल? डोंगरावर जाऊन बघा, वाकून बघा, आणि या.

शेवटचं पत्र

देवळाली कॅम्पहून चौथीतल्या एका मुलाने वहीच्या पानावर विचारलंय : "मधमाशीला घर असतं. पण ज्या माश्या एकट्या राहतात त्यांतले बाबा रात्री कुठे झोपतात?"

बाळा, हे मला आजवर कुणी मोठ्या माणसाने विचारलं नाही. आई माशी बिळात झोपते. बाबांना बीळ नसतं. निळ्या पट्ट्यांची एक गुबगुबीत माशी असते, तुळशीवर फार येते, फुलासमोर थांबून थांबून उडते. तिच्यातले बाबा संध्याकाळी एखादी वाळकी काडी शोधतात, ती जबड्यात घट्ट चावून धरतात, पाय पोटाशी घेतात आणि तसेच झोपतात. एकाच काडीवर चार-पाच जण, एकाखाली एक. आमच्या मागच्या वाफ्यात गेल्या वर्षी वाळलेल्या सब्जाच्या एकाच काडीवर ते रोज यायचे, साडेसहाच्या सुमाराला. जागेवरून भांडायचे, वरची जागा सगळ्यांना हवी असायची. शाळेच्या कुंपणाला वाळक्या काड्या असतील तर आईबरोबर जाऊन बघ. टॉर्च तोंडावर मारू नकोस, बाजूने मार. किती होते ते मला लिहून पाठव.